जुन्या घड्याळातलं रेडियम ओळखताना या चुका टाळा

आपल्याकडे नंबर प्लेटवरचं स्टिकरही रेडियम आणि छताला चिकटवायच्या चांदण्याही रेडियमच. त्यात खरं रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातू, औषधालाही नसतं. त्यामुळे नागपूरच्या इतवारी बाजारात कुणी जुनं घड्याळ पुढे करून "भाऊ, रेडियम डायल आहे" म्हणालं, की आपण ते हलक्यात घेतो. 1960 च्या दशकापर्यंतच्या घड्याळात मात्र ते खरंच असू शकतं.

सर्रास होणारी चूक म्हणजे अंधारात धरून बघणं. चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं, असं नवखे ठामपणे सांगतात. चमकतं ते सोबत मिसळलेलं झिंक सल्फाइड, आणि किरणांचा मारा खाऊन ते काही दशकांत निकामी होतं. रेडियम-226 चं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 1600 वर्षं. 1940 सालच्या डायलवरचं 96 टक्के रेडियम आजही जागेवर आहे. उलट उजेड दाखवल्यावर रात्रभर हिरवं चमकतं, तो बहुधा 1990 नंतरचा निरुपद्रवी रंग असतो.

दुसरी चूक घड्याळ उघडण्याची. एका मे महिन्यात ओळखीतल्या मुलाचा फोन आला, "काका, डायल साफ करतोय, पण आकडे भुगा होऊन उडतायत." व्हिडिओ बघून त्याने जेवणाच्या टेबलावर, चालू कूलरसमोर घड्याळ खोललं होतं. मी किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर घेऊन धावलो. दाराशी मिनिटाला पंचवीसेक टिकटिक, मेजपोशावर सहाशेच्या वर. त्याची लहान बहीण त्याच टेबलावर अभ्यासाला बसायची. कूलर बंद केला, ओल्या कागदाने सगळं टिपलं, मेजपोशासकट दुहेरी पिशवीत बांधलं. झाडू मारू दिला नाही, धूळ पुन्हा उडाली असती. रेडियमचे अल्फा कण कातडीवर अडतात, पण भुगा श्वासातून पोटात-फुप्फुसात गेला की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. 1920 च्या सुमारास अमेरिकेत ब्रशचं टोक ओठांनी जुळवत डायल रंगवणाऱ्या मुलींचे जबडे यानेच सडले.

तो मुलगा घासत होता तो मळ नव्हताच. रेडियमचं घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं, की काटे थांबले तिथे डायलवर त्यांची तपकिरी सावली भाजली जाते. अशी सावली दिसली, की मी रेडियमच धरून चालतो. ती घासून जात नाही.

मी घड्याळ न उघडताच काउंटरने मोजतो, आधी काचेवर, मग मागच्या झाकणावर. रेडियमचे गॅमा किरण स्टीलमधूनही येतात. आकडा चढला तर उघडत नाही. दुरुस्ती हवीच असेल तर घड्याळजीला आधी स्पष्ट सांगतो. मोबाइल ॲपवर मोजू नका, इतक्या मात्रेला ते कुचकामी आहे.

काउंटर गप्प म्हणजे किरणोत्सर्ग नाही, असंही नाही. 6 च्या आकड्याखाली भिंगातून 'टी स्विस टी' दिसलं तर ते ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन. त्याचे कण इतके दुबळे, की काचही ओलांडत नाहीत. अर्धआयुष्य 12.3 वर्षं. नुसतं 'स्विस' लिहिलेलं असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

काटे वेगळे तपासा. डायल नव्याने रंगवतात, काटे जुनेच राहतात.

आणि अशी घड्याळं बेडरूमच्या बंद कपाटात साठवू नका. रेडियममधून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघतो, आणि कोंडलेल्या जागी तो साचतो. माझी अकराही गॅलरीतल्या जाळीच्या कपाटात असतात.