आधी काडतूस, मग नळी: टार्गेट रायफल बनवून घेताना या चुका टाळा

दर चवथीला हे ठरलेलं. सुट्टीवर घरी आलेला कुणीतरी पोरगा मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "काका, ही बघा माझी रायफल." रायफल अजून कुठेच नसते. असतात ते फोटो. स्टॉकचा, म्हणजे दस्त्याचा, रंग ठरलेला, दुर्बीण ठरलेली, बॅरलची म्हणजे नळीची लांबी ठरलेली. मी विचारतो, "काडतूस कुठलं?" तर म्हणतो, "ते बघू मागाहून."

मागाहून! म्हणजे पाहुणे पाटावर बसले, पानं वाढली आणि आपण पिशवी घेऊन निघालो मासळी बाजारात. दुपारी दोन वाजता.

मी फोंड्याचा. वीसेक वर्षं रेंजवर जातो, आणि इतक्या वर्षांत नव्या चुका फार कमी पाहिल्या. जुन्याच परत परत येतात. त्यातली सगळ्यात महागडी आधी सांगतो.

डिचोलीकडचा एक पोरगा. हाताचा स्थिर, .22 मध्ये (हा आकडा म्हणजे इंचांतला व्यास) गुण मिळवून रीतसर आयातीच्या पात्रतेपर्यंत पोचलेला. नोकरी बोटीवर, त्यामुळे खिशात पैसे. त्याच्या मनात भरलं 6 मिलिमीटर डॅशर. काडतूस वाईट नाही हो, उलट फार गुणी. 6 बीआर नावाच्या काडतुसाच्या केसचा, म्हणजे पितळी कवचाचा, खांदा पुढे ढकलून 40 अंशांचा केला की डॅशर होतं, बंदुकीची दारू थोडी जास्त मावते. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या स्पर्धांत ते भरपूर दिसतं. पण तिथला माणूस सहसा दुकानात जाऊन त्याची डबी घेत नाही. तो घरी टेबलाला प्रेस ठोकतो, केस घेतो, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बसवतो, दारू तोलतो, वर गोळी दाबतो. संध्याकाळचा विरंगुळा. व्हिडिओत हा भाग असतो, पण आमची पोरं तो पुढे ढकलून थेट ग्रूप, म्हणजे कागदावर भोकं किती जवळ पडली ते बघतात.

याने परदेशात बॅरलची आगाऊ रक्कम भरली आणि मग एका रविवारी रेंजवर, पाव-पातळभाजी चालली असताना, सहज विचारलं, "काका, भरायची दारू इथे कुठे मिळते?" गोव्यात हा प्रश्न विचारल्यावर जे व्हायचं तेच झालं, चौघे जण एकदम हसले. नंतर मात्र कुणी काही बोलेना. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार नुसती बंदूकच नाही, काडतूस बनवायलासुद्धा परवाना लागतो. आपल्याकडे तो छंद नव्हे. आणि तयार डॅशर कुणी कधी आणून देईल म्हणून नळी कपाटात ठेवायची? आगाऊ रक्कम गेली ती गेलीच.

तेव्हापासून माझी सवय अशी. कागदावर काडतुसाचं नाव लिहायचं आणि परवानाधारक विक्रेत्याला, रायफल असोसिएशनमधल्या आयात बघणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा: एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, हजार गोळ्या कधी मिळतील? तारीख मिळाली तर नाव राहतं. "येईल हो" असं दोनदा ऐकलं की मी नावावर काट मारतो. हजार जास्त वाटतात त्यांनी हिशोब करावा. दिवसाला 80 गोळ्या, आठवड्याला तीन दिवस, म्हणजे वर्षाला 12 हजारांच्या वर. परवान्यावरचा कोटा बघा, खिसा बघा, मग स्टॉकच्या रंगाचं बोलू.

खेळ कुठला ते न ठरवता काडतूस निवडणारे वेगळेच. 50 मीटरच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) स्पर्धेत फक्त .22 लाँग रायफल चालतं, बाकी काही नाही. ".17 एचएमआर किती सरळ जातं बघा!" जाऊ दे सरळ, तुला लाइनवर उभं करणार नाहीत. .22 मॅग्नमचं तेच, नावात .22 आहे म्हणून फसू नका. 300 मीटरला 8 मिलिमीटरपर्यंत मोकळीक आहे. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या खेळातल्या एफ-टीआर गटात पुन्हा दोनच नावं, .223 आणि .308. नियमाचं पान आधी वाचा, दहा मिनिटं लागतात.

आणि .22 ला नाक मुरडणाऱ्यांसाठी: हे काडतूस 1887 सालचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण घेतलं ते याच काडतुसावर, आणि स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आणलं तेही यावरच. "नुसतं .22 काय मारायचं" म्हणणाऱ्याला मी दहा गोळ्या देतो आणि 50 मीटरवरचा कागद दाखवतो. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. पुढे बोलणं होत नाही.

वेगाचा मोह. हा मोटारसायकलीवरून आलेला रोग असावा. मॅचची, म्हणजे स्पर्धेसाठीची, .22 गोळी सेकंदाला साधारण 1,070 फुटांनी निघते, हाय-व्हेलॉसिटी 1,235 च्या आसपास. नवशिक्याला वाटतं, जास्त वेग म्हणजे वाऱ्याला कमी वेळ. होतं उलटं. आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग जवळपास 1,145 फूट. वेगवान गोळी त्याच्या वर निघते, त्या वेगाजवळ हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो, आणि कागदाजवळ येईतो ती ध्वनीच्या वेगाखाली उतरत असते. वाऱ्याने सरकणं हे गोळी हवेत किती वेळ आहे यापेक्षा हवेने तिला किती अडवलं यावर ठरतं. म्हणून संथ मॅच गोळी वाऱ्यात कमी सरकते. पटत नसेल तर दुपारी, समुद्राकडचा वारा सुटल्यावर, दोन्ही मारून बघा.

ट्विस्टबद्दल, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाबद्दल, फार लिहीत नाही, कारण हे गणित 1879 पासून लिहून ठेवलेलं आहे. ग्रीनहिलचं सूत्र: 150 गुणिले गोळीच्या व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. .308 ची 168 ग्रेन वजनाची गोळी साधारण 1.2 इंच लांब, उत्तर बाराच्या जवळ, म्हणजे 12 इंचांत एक फेरा. लांब गोळीला जास्त पीळ हवा. एकाने बेंचरेस्टच्या (रायफल टेबलावर टेकवून मारायचा खेळ) आखूड गोळ्यांसाठी कापलेली 6 मिलिमीटरची 14 इंच पिळाची नळी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि तिच्यातून 105 ग्रेनच्या लांब गोळ्या सोडल्या. कागदावर भोकं गोल नव्हती. गोळी आडवी झोपून गेलेली, तिची बाजूची आकृती कागदावर अगदी कापून काढल्यासारखी. कागद मी जपून ठेवलाय, स्वस्तात मिळालेल्या नळीची गोष्ट कुणी सुरू केली की काढतो.

काही चुकांना एकेक ओळ पुरे. मॅच चेंबरमध्ये (चेंबर म्हणजे नळीतला काडतूस बसतं तो भाग) स्टिंगर नावाच्या काडतुसासारखी लांब केसची .22 घालू नका, ते चेंबर तिच्यासाठी नाही. बारीक नळीतून जास्त दारू जाळणारी काडतुसं नळीचा घसा लवकर खातात; .308 ची नळी साधारण 5 हजार गोळ्या ओढते, 6.5 क्रीडमूर त्याच्या निम्म्याच्या आसपास दमायला लागते, तेव्हा नवी नळी बजेटात धरा. परवान्यात बोअर, म्हणजे नळीचा व्यास, लिहिलेला असतो, मागाहून मन बदललं तर फाईल पुन्हा पहिल्या टेबलापासून. आणि ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी चेंबरचं काम परवानाधारकाकडेच. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता माझी स्वतःची चूक. ती सांगितल्याशिवाय वरचं सगळं बोलायचा मला हक्क नाही.

राज्य स्पर्धेला तीन आठवडे होते. माझ्या नळीला मानवलेला एक लॉट होता, त्याचे दोन कार्टन. ते मी सरावात उधळले, कारण ग्रूप बघून मजा वाटत होती. मग त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं कार्टन आणलं. डबी तीच, नाव तेच, म्हणजे गोळी तीच असं धरून चाललो. डबीच्या कडेचा लॉट नंबर वाचलासुद्धा नाही.

स्पर्धेत पहिल्या दहा बऱ्या. मग एक वर, एक खाली, पुन्हा वर. डावी-उजवीकडे काही नाही, नुसती उभी रेघ. मी आधी श्वासाला दोष दिला, मग ट्रिगरला, मग नव्या जॅकेटला. पासष्ट किलोचा माणूस घामाने पन्नासचा झालो. कारण साधं होतं. एकाच डबीतल्या दोन गोळ्यांच्या वेगात 30 फुटांचा फरक असला तर 50 मीटरवर एक दुसरीपेक्षा साधारण 7 मिलिमीटर खाली लागते. दहाच्या वर्तुळात गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत चालतो. म्हणजे मी नेम अगदी मधोमध धरला असता तरी बहुतेक सगळी सवलत गोळीनेच खाल्ली, माझ्या थरथरीला काही उरलंच नाही.

आता मी काय करतो ते सांगतो, शास्त्र म्हणून नव्हे, सवय म्हणून. चार वेगळ्या लॉटची एकेक डबी घेतो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर. लॉट बदलला की पहिल्या 10-15 गोळ्या मोजतच नाही, कारण गोळीवरचं मेण नळीत नव्याने बसावं लागतं. हे न कळल्यामुळे चांगला लॉट फेकून देणारे मी पाहिलेत. मग दहा-दहाचे तीन ग्रूप. तिन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघतो. भोकांचा गोळा दिसला तर ठीक, उभा पट्टा दिसला तर तो लॉट सरावाला. महाग डबीच जिंकेल असं काही नाही. टेनेक्स असो नाहीतर आर50 (दोन्ही महागड्या मॅच गोळ्या), नळीला नाही आवडली तर नाही आवडली. मधल्या किमतीच्या डबीने माझ्या नळीत दोनदा बाजी मारली आहे. जिंकलेल्या लॉटवर मार्करने मोठी फुली मारतो आणि ती कार्टन कपाटात वरच्या फळीवर, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, पितळेचं काय घेऊन बसलात. गाडीच्या डिकीत तर नकोच.

त्या चुकीच्या कार्टनमध्ये साडेतीनशे गोळ्या उरल्या होत्या. त्या मी पावसाळ्यात सरावाला वापरल्या. शेवटच्या डबीपर्यंत कागदावर तीच उभी रेघ.