तण उपटलं, तरी परत येतंय? सामूहिक मोहिमांमधल्या या चुका टाळा

आक्रमक प्रजाती, म्हणजे बाहेरून येऊन देशी झाडा-प्राण्यांची जागा बळकावणाऱ्या प्रजाती, हटवण्याच्या मोहिमांचे फोटो बहुधा सारखेच असतात. हातात कोयते, मागे उपटलेल्या झुडपांचा ढीग, पुढे बॅनर. दोन पावसाळ्यांनी त्याच जागी गेलात, तर अनेकदा आधीपेक्षा दाट रान दिसतं. मग खापर फुटतं वनस्पतीच्या चिवटपणावर. ती चिवट असतेच, पण मोहीम बहुतेक वेळा फसते ती आखणीत. पहिल्या दिवशी किती माणसं आली हे सगळे सांगतात, पुढच्या हंगामात कोण येणार हे कोणीच ठरवलेलं नसतं.

सर्वांत दाट जागेला आधी हात घालणं

तण जास्त तिथे आधी भिडावं, असं वाटणं साहजिक आहे. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकापासून नेमकी उलटी पद्धत वापरली. जिथे देशी झाडोरा धडधाकट आहे आणि तणाची चार-दोनच रोपं आहेत, तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू दाट तणाकडे सरकायचं. माती कमीत कमी उकरायची. देशी झाडं मोकळी झालेली जागा ज्या वेगाने भरून काढतील, त्याच वेगाने पुढे जायचं. उघडी पडलेली जमीन तणाच्या बियांना आयतीच मिळते, हे त्यामागचं कारण.

हे पाळणं जड जातं, कारण शंभर स्वयंसेवक जमले की त्यांना काहीतरी काम द्यावंच लागतं. माझं मत विचाराल तर माणसं कमी बोलवा, पण तीच माणसं पुन्हा पुन्हा बोलवा.

सगळ्यांना एकच कोयता

घाणेरी (लँटाना) जमिनीलगत छाटली की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर बसवलेली पद्धत साधी आहे. सोटमूळ जमिनीच्या पृष्ठभागाखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं. फुटवे ज्या भागातून येतात, तो भाग त्यामुळे झुडपासोबत निघून येतो. मग अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे ठेवून वाळू द्यायचं. नंतरच्या पावसाळ्यांत लहान रोपं वेचत राहायची, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि पाण्याच्या वाटांलगत, कारण घाणेरीची फळं खाऊन पक्षी बिया तिथेच टाकतात. रिकाम्या जागेत देशी गवतं लावायची. हे शेवटचं काम गाळलं, तर घाणेरीच्या जागी रानमोडी किंवा दुसरं एखादं तण उगवतं आणि लोक म्हणतात, मोहीम वाया गेली.

जपानी नॉटवीड या तणाच्या बाबतीत खणणंच अंगाशी येऊ शकतं. जमिनीतल्या खोडाचा छोटा तुकडा राहिला किंवा मातीबरोबर दुसरीकडे गेला, तरी नवं झाड उभं राहतं. गाजर गवत फुलण्याआधी उपटायचं, तेही हातमोजे आणि लांब बाह्यांचे कपडे घालून, कारण त्याने त्वचेची आणि श्वसनाची ॲलर्जी होते. फुलावर आलेली रोपं तिथेच टाकून जाऊ नका, बंद पिशवीत भरून न्या.

जलपर्णीचा ढीग काठावर रचून ठेवणं तर सर्रास दिसतं. पहिल्या पुरात तो परत पाण्यात जातो. तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं तग धरतं, त्यामुळे ‘तळं साफ झालं’ ही घोषणा जरा बेतानेच करावी. तिला आवर घालायला तिच्यावर जगणारे भुंगेरे सोडले असतील, तर त्याच तळ्यात सरसकट तणनाशक फवारू नका. झाडं एकदम मेली की भुंगेरेही संपतात आणि नंतर बियांतून आलेल्या जलपर्णीला मोकळं रान मिळतं.

प्राण्यांच्या बाबतीत घाई

पहिली चूक प्राणी ओळखण्यातली. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला केन टोड हा परदेशी बेडूक आणला आणि तोच डोईजड झाला. आता त्याला मारायला उत्साहाने निघालेले लोक कधीकधी खडबडीत पाठीचे देशी बेडूकही मारतात. खात्री नसेल तर फोटो काढा, जागा नोंदवा आणि जाणकाराला विचारा. मारायचंच असेल, तर मान्य आणि कमी वेदना देणारी पद्धत शिकलेल्या माणसानेच ते करावं.

दुसरी चूक क्रमाची. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावरून २००० पर्यंत ससे खाणारी रानटी मांजरं हटवली गेली. सशांना आवर घालणाऱ्या विषाणूचा प्रभावही ओसरत होता. ससे इतके वाढले की बेटावरची हिरवळ भुईसपाट झाली. पुढे ससे, मोठे उंदीर आणि छोटे घरउंदीर एकत्र हटवण्याची मोहीम घ्यावी लागली आणि २०१४ मध्ये ती यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

आणि ‘प्रत्येक नगामागे पैसे’ हा मोह. १९०२ मध्ये हनोईत फ्रेंच प्रशासनाने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवलं. शहरात बिनशेपटीचे उंदीर फिरू लागले आणि बक्षिसासाठी उंदीर पाळल्याचंही उघड झालं. पैसे द्यायचे तर ठरावीक क्षेत्र ठरावीक काळ मुक्त ठेवण्याचे द्या.

शेजाऱ्याला न विचारता सुरुवात

भागीदारी म्हणजे लोगोंची रांग, असा समज असतो. प्रत्यक्षात पहिला प्रश्न नकाशाचा आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाची जमीन कोणाच्या ताब्यात आहे? तिथून बी वाहत येत असेल, तर खाली कितीही उपटा, काम संपणार नाही. म्हणून वरच्या जमिनीचा मालक पहिल्या बैठकीत हवा, पाचव्या नव्हे.

दुसरा प्रश्न, हे झाड कोणाच्या उपयोगाचं आहे? वेडी बाभूळ अनेकांची चूल पेटवते. सरपणाची दुसरी सोय लावल्याशिवाय ती तोडायला गेलात, तर विरोध होणारच आणि तो रास्त असेल. पण त्या लाकडावर नवा धंदा उभा करतानाही जपून. ज्याची मिळकत त्या झाडावर आहे, तो ते संपू कशाला देईल?

परवानग्या, तणनाशक कोण हाताळणार, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे एका पानावर लिहून सह्या घ्या. त्याच पानावर पुढच्या तीन वर्षांच्या फेऱ्यांचे महिने आणि प्रत्येक फेरीला जबाबदार माणसाचं नाव हवं. निधी मागताना पहिल्या तोडणीइतकाच या फेऱ्यांचा खर्च मांडा. देणगीदारांना तो कंटाळवाणा वाटतो, हे खरं.

टनांत मोजणं

किती टन काढलं हा आकडा बातमीला बरा. काम जमतंय का हे कळायला कायमच्या खुणा केलेले काही चौकोन निवडा आणि दर हंगामात त्यातली तणाची आणि देशी रोपं वेगवेगळी मोजा. फोटो त्याच जागेवरून, त्याच दिशेला काढा. तणाची रोपं घटली पण देशी वाढली नाहीत, तर तोडणी थांबवून लागवडीकडे वळा. दोन्ही वाढत नसतील तर चरणारी जनावरं, सावली आणि मातीची धूप तपासा.

शेवटी बूट. तळव्यांच्या खाचांतला चिखल, कुदळीला चिकटलेली माती, यंत्रांच्या पट्ट्यांत अडकलेली मुळं यांतून तण नव्या जागी जातं. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये पाण्यातल्या प्रजातींसाठी ‘तपासा, धुवा, वाळवा’ ही मोहीम चालते. जमिनीवर एक ताठ ब्रश आणि घमेलंभर पाणी पुरतं. ते निघताना, त्याच जागेवर वापरा, घरी पोहोचल्यावर नाही.