पुढच्या सायकलला ओव्हरटेक करताना या चुका टाळा

डावीकडून घुसू नका. ही चूक नागपुरात मी इतक्यांदा पाहिली आहे की आधी तीच घेतो. ओव्हरटेक उजवीकडून करायचा, हा नियम सायकललाही लागू आहे. पण गिअरची नवी सायकल घेतली की लोकांना कडेची दीड फूट जागा आपलीच वाटते. ती जागा पुढच्याची असते. खड्डा आला, ऑटोवाला मधे शिरला, की तो मागे न बघता डावीकडेच सरकणार, आणि त्याने सरकायलाच हवं.

मागच्या डिसेंबरात धरमपेठेत सकाळी सहा-सव्वासहाला मी एका पेपरवाल्या काकाजींच्या मागे होतो. हँडलला पिशवी, कॅरिअरवर गठ्ठा. माझ्या बाजूने एक मुलगा सपाट्याने पुढे गेला आणि काकाजींच्या डावीकडून शिरला. घंटी नाही, आवाज नाही. काकाजी त्याच वेळी रोजच्या फाटकाकडे वळले. दोघंही पडले. मुलाला खरचटलं, काकाजींचं मनगट मोडलं, अर्धे पेपर नालीत गेले. ऑटोत बसवलं तरी ते विचारत होते, उरलेली घरं कोण करणार? दीड महिना त्यांची लाइन दुसऱ्याने केली. त्या दीड महिन्याच्या कमाईचं मला आजही वाईट वाटतं.

पेपरवाला, दूधवाला, कामावर निघालेला मजूर, यांची सायकल कुठेही डावीकडे वळते. कामाची सायकल दिसली की मी चांगला हातभर अंतर ठेवून उजवीकडून जातो. दहा-पंधरा मीटर अलीकडे एकदा घंटी वाजवतो आणि जवळ येताना म्हणतो, "भाऊ, उजवीकडून येतोय." पुढचा ताशी १२ किलोमीटरने आणि आपण २५ ने असलो, तर मधले दहा मीटर जेमतेम तीन सेकंदांत संपतात. अगदी कानाशी वाजवलेल्या घंटीने माणूस दचकतो आणि दचकला की हँडल वळवतो.

दुसरी चूक अर्धवट ओव्हरटेकची. रविवारी सकाळी वर्धा रोडवर ग्रुपने निघालेले नवे लोक पुढच्याच्या आडोशाला वारा चुकवत चालवतात. मग थोडं पुढे सरकतात आणि आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला ठेवून गप्पा मारत राहतात. पुढचा वीतभर सरकला की चाकाला चाक घासतं आणि पडतो मागचा. सायकलचा तोल पुढचं चाक वळवूनच सांभाळला जातो; तेच अडकलं की सावरायला काही उरत नाही. एकतर पूर्ण मागे राहा, नाहीतर पूर्ण पुढे जा. दोन-तीन महिने एकट्याने चालवल्याशिवाय कोणी ग्रुपमध्ये चिकटून चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. ही घाई कोणत्याही महागड्या सायकलने भरून निघत नाही.

मागे बघताना हँडल हलत असेल, तर आधी मोकळ्या रस्त्यावर पांढऱ्या पट्टीवरून सरळ चालवत उजव्या खांद्यावरून मागे बघायचा सराव करा. आरसा लावा, पण त्याच्या भरवशावर मान वळवणं सोडू नका.

सिमेंट रोडच्या दोन पट्ट्यांमधल्या लांब फटीत पातळ टायर अडकतो. कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) खचले असतील तिथेही तेच. ओव्हरटेकसाठी फट ओलांडायचीच असेल तर ती आधी, वेग कमी करून, जमेल तितकी आडवी कापा.

पुढे गेल्यावर लगेच डावीकडे येऊ नका. वळून बघितल्यावर त्याचं अख्खं पुढचं चाक दिसलं की मगच मी कडेला येतो.

सेमिनरी हिल्सच्या चढावर उभ्याने पॅडल मारणाऱ्याला दुप्पट जागा द्या. इअरफोन काढा. समोर सिग्नल लाल असेल तर ओव्हरटेक कशाला?

शाळेची मुलं तीन-तीन सायकली लावून गप्पा मारत चाललेली असली, तर मी ओव्हरटेक करतच नाही. एकदा घंटी वाजवतो आणि ती आपणहून एकामागे एक होईपर्यंत मागे राहतो. रविनगर ते लॉ कॉलेज चौक एवढ्यात त्यामुळे मला फार तर दोन मिनिटं जास्त लागली आहेत.