ठासणीच्या रायफलीचा नेम आणि वेग कसा तपासावा

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या रायफलीबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: गोळी तळहातावर ठेवा, ती झाकली जाईपर्यंत दारू ओता, तेवढंच तिचं माप. याने काहीही ठरत नाही. ओतणारा हात बदलला की मापही बदलतं. खरं माप कागदावरची भोकं आणि क्रोनोग्राफचे (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे मिळून सांगतात, आणि तेसुद्धा प्रत्येक बाराच्या वेळी नळी आतून एकाच अवस्थेत असेल तरच.

खालचे आकडे अमेरिकेत सर्रास दिसणाऱ्या हॉकन धाटणीच्या, ०.५० कॅलिबरच्या (नळीचा व्यास अर्धा इंच) रायफलीचे आहेत: ०.४९० इंची शुद्ध शिशाची गोल गोळी, ०.०१५ इंच जाडीची गोळीभोवती गुंडाळायची वंगण लावलेली सुती चिंधी, एफएफजी (मध्यम दाण्याची) काळी दारू, ११ नंबरची कॅप (दारू पेटवणारी टोपी). कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असते ती ठासणीची बंदूक बहुधा आतून गुळगुळीत नळीची, तिला हे आकडे लावू नका. आणि आधुनिक बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत चिमूटभरसुद्धा घालायची नाही. नळी फुटते.

गोळ्या आधी तोलून घ्या. या मापाची गोळी सुमारे १७७ ग्रेन भरते (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). एखादी ग्रेनभराहून हलकी निघाली तर आत पोकळी आहे, बाजूला काढा.

टार्गेट ५० यार्डांवर, रायफल वाळूच्या पिशव्यांवर. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून १५ फुटांवर लावा. जवळ ठेवलात तर धूर, अर्धवट जळलेले कण आणि उडालेली चिंधी यांचाच वेग तो दाखवतो. सेकंदाला २५०० फुटांचा आकडा आला की समजा, तो गोळीचा नाही. बाजूला ठेवायच्या रडारवाल्या यंत्राला ही अडचण कमी.

आता कीट. चाचण्या बिघडतात त्या इथेच. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन रूपात उरतो; काही धुरातून जातो, बाकीचा नळीत कीट होऊन बसतो. पुसल्याशिवाय पाच बार काढले, तर पाचवी गोळी पहिलीपेक्षा अरुंद नळीतून जाते, ठासतानाच जड लागते, आणि पसरलेल्या भोकांचा दोष उगाच दारूच्या मापावर जातो. म्हणून प्रत्येक बारानंतर पुसायचं. किंचित ओलसर फडकं एकदा तळापर्यंत सावकाश न्यायचं, थांबायचं, बाहेर काढायचं. उलटं करून पुन्हा तसंच. मग कोरडं फडकं. फडकं चिंब नको. ओल आणि कीट तळाशी ढकलली जाते, निपलचा (कॅप बसते त्या पोकळ खुंटीचा) मार्ग बुजतो आणि पुढचा बार फसतो. फडकं जाताना कीटावरून सैल सरकलं पाहिजे आणि येताना गोळा होऊन कीट ओढून आणलं पाहिजे. जातानाच घट्ट बसत असेल तर पातळ फडकं घ्या. ‘तीन बारांनी एकदा पुसलं तरी चालतं’ हे चाचणीत चालत नाही.

नळीतलं तेल पुसल्यानंतरचा पहिला बार मोजू नका.

ठासणंही दर वेळी सारखंच हवं. दारू मापाने ओता, दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत कधीच नाही. आत निखारा राहिला असेल तर अख्खं शिंग पेटतं. गोळी दारूला टेकेपर्यंत एकाच दाबाने न्या. गज (ठासायची काठी) गोळीवर आपटू नका, मऊ शिसं चेपतं. गजावर दोन खुणा करा: रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची. गज भरलेल्या खुणेच्या वर राहिला तर गोळी आणि दारूत पोकळी आहे. तसा बार काढणं म्हणजे नळी फुगवणं किंवा फोडणं. बार फसला तर नळी टार्गेटकडेच धरून निदान मिनिटभर थांबा.

५० ग्रेनपासून सुरुवात करा, दर टप्प्याला १० ग्रेन वाढवा, प्रत्येक मापाचे पाच बार काढा. कारखान्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून गोळीचा व्यास वजा करा. चांगल्या मापाच्या अलीकडे-पलीकडे ५ ग्रेनांनी पुन्हा पाहा, मग दहा बारांनी खात्री करा. दहांतल्या सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीत सेकंदाला ५० फुटांहून जास्त फरक असेल तर दोष बहुधा ठासण्यात आहे. दारू वाढवूनही वेग नावापुरताच वाढू लागला, की मागे या.

रेंजवरचे सगळे बार थांबल्यावर नळीसमोर पडलेल्या चिंध्या गोळा करा. मधे काळं वर्तुळ आणि कापड शाबूत, तर ठीक. मधोमध जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ, वंगण कमी किंवा दारू जास्त. कडेला सरळ चिरा असतील तर नळीच्या तोंडाची किंवा आट्यांची (आतल्या पिळदार खाचांची) धार कापते आहे. ते दारू बदलून सुटणार नाही.

ऊर्जा हवी असेल तर ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०. १७७ ग्रेन आणि सेकंदाला १६०० फुटांना सुमारे १००६ फूट-पाउंड येतात. हा हिशेब नळीजवळचा. गोल गोळी हवेत झपाट्याने मंदावते, १०० यार्डांवर तोच वेग १००० फुटांच्या आसपास उतरतो.

नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, तेल लावा. कीटातले क्षार ओल धरतात. रात्र गेली की गंज धरतो, आणि पुढच्या चाचणीला नळी तीच राहत नाही.