क्रिप्टो वॉलेट चोरांपासून कसं वाचवावं

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. तेव्हापासून जो तो सांगतो, ‘एक्स्चेंजवर ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या.’ सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ज्याची किल्ली फक्त तुमच्याकडे असते अशा ॲपमध्ये किंवा उपकरणात, आणलंत की बँक मॅनेजरही तुम्हीच आणि वॉचमनही तुम्हीच.

क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही, हा वेगळा वाद. ज्यांनी घातलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घ्या. सामान्य माणसाचं वॉलेट लुटताना कुणी बिटकॉइनचं गणित फोडत बसत नाही. चोराला दोनपैकी एक गोष्ट लागते: तुमची सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द), किंवा व्यवहारावर तुमची सही (वॉलेटमधून दिलेली मंजुरी). बहुतेक मालवेअर, खोटी ॲप्स आणि टेलिग्रामवरचे ‘सपोर्ट’वाले या दोन गोष्टींच्याच मागे असतात.

१. आधी पैसे वेगळे करा

सगळं एकाच वॉलेटमध्ये नको. मोठी रक्कम हार्डवेअर वॉलेटवर (किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण), खर्चापुरती फोनमधल्या वॉलेटमध्ये, आणि एअरड्रॉप (फुकट वाटलेली टोकन), नवीन साइट, नवीन टोकन (क्रिप्टो नाणी) असले उद्योग करायचे असतील तर त्यासाठी तिसरं, जवळजवळ रिकामं वॉलेट. या तिसऱ्याची सीड फ्रेजही वेगळी हवी. त्याच फ्रेजमधून नवीन खातं उघडलं तर वेगळेपणाला अर्थ राहत नाही.

हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या साइटवरून किंवा तिने जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. ओळखीतल्या कुणी वापरलेलं, स्वस्तात मिळालेलं नको. डब्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं तर ते वॉलेट चोराचं आहे. शब्द नेहमी उपकरणाने तुमच्यासमोर तयार केले पाहिजेत. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची नावं-पत्ते फुटले, आणि पुढे काहींच्या घरी चक्क पोस्टाने बनावट उपकरणं आली, सोबत ‘सुरक्षेसाठी जुनं बदला’ असं पत्र.

२. सीड फ्रेज: इथे अजिबात घाई नको

२०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी असते. तिच्यातले १२ किंवा २४ शब्द, ठरावीक क्रमाने, म्हणजे तुमचं वॉलेट. पासवर्ड विसरला, फोन फुटला, तरी हे शब्द असतील तर सगळं परत मिळतं. आणि हे शब्द दुसऱ्याकडे गेले, तर फोन तुमच्या खिशात असला तरी पैसे त्याचे.

पुण्यातच याचं उदाहरण घडलं. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या घोटाळ्याच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. म्हणून भाचा कॉम्प्युटर इंजिनिअर असला तरी त्याला ‘जरा सेट करून दे’ म्हणत शब्द दाखवू नका.

शब्द कागदावर लिहा, बॉलपेनने. बऱ्याच जेल पेनची शाई पाण्यात पसरते. प्रत्येक शब्दाला क्रमांक घाला. यादी अशी बेतलेली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो, त्यामुळे निदान ती चार अक्षरं तरी स्पष्ट हवीत. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात कागदाचं काय होतं ते सांगायला नको. रक्कम मोठी असेल तर स्टीलच्या पट्टीवर तीच चार अक्षरं ठोकून घ्या. अक्षरांच्या पंचचा सेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पट्टी मात्र स्वतः ठोका. कागद लॅमिनेट करायला झेरॉक्सच्या दुकानात नेणारे लोक आहेत, म्हणून हेही लिहावं लागतं.

आता काय करू नये ते. फोटो काढू नका, स्क्रीनशॉट घेऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘स्पार्ककॅट’ नावाचं मालवेअर उघडकीस आणलं. ते गूगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरल्या ॲप्समध्येच लपलेलं होतं. गॅलरीची परवानगी मिळाली की ते फोटोंमधला मजकूर वाचून त्यात सीड फ्रेज शोधायचं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं, नोट्समध्ये ‘किराणा यादी’ नावाने लपवणं, हे सगळं त्याच माळेतलं. पासवर्ड मॅनेजरही या कामाला नको: २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या.

दोन प्रती करा, दोन वेगळ्या घरांत ठेवा. १२ शब्द इथे आणि १२ तिथे अशी वाटणी मात्र नको. एक तुकडा हरवला की दुसराही निरुपयोगी.

आणि बहुतेकजण गाळतात ती पायरी: थोडीशी रक्कम टाका, वॉलेट पूर्ण पुसा, कागदावरून पुन्हा उभं करा. रक्कम दिसली तरच बाकीचे पैसे आणा. एका शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते आत्ता कळू दे, पाच वर्षांनी नको.

३. फोन आणि लॅपटॉप

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप टाकण्याची फाइल) येते. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असते. एपीके कधीच नसते. ती टाकली आणि तिने मागितलेली ‘ॲक्सेसिबिलिटी’ परवानगी दिली, की स्क्रीनवरचं सगळं ती वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकते.

लॅपटॉपवर मुख्य धोका ‘इन्फोस्टीलर’ जातीच्या मालवेअरचा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, गेमची चीट, ‘फ्री’ व्हिडिओ एडिटर यांतून ते येतं आणि ब्राउझरमधले पासवर्ड, कुकीज, वॉलेट एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडलेल्या वॉलेटच्या) फाइली उचलून निघून जातं. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि तपास यंत्रणांनी मिळून ‘लुमा’ या अशाच मालवेअरचं जाळं तोडलं, पण ही जात संपलेली नाही. तिची आणखी एक युक्ती: ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान उघडतं आणि सांगतं, विंडोज आणि आर ही बटणं दाबा, पेस्ट करा, एंटर मारा. असं सांगणारं पान तिथल्या तिथे बंद करा. तुम्ही पेस्ट करत असता तो मालवेअर उतरवून घेण्याचा हुकूम.

वॉलेट ॲप शोधताना गूगलच्या निकालात सगळ्यात वर दिसणारी जाहिरात दाबू नका. पत्ता स्वतः टाइप करून कंपनीच्या साइटवर जा, तिथून दुवा घ्या. स्टोअरमध्ये आहे म्हणजे खरंच असेल, असंही नाही: २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये लेजरचं बनावट ॲप होतं आणि त्यात लोकांनी आपले २४ शब्द भरले.

क्रिप्टोसाठी वेगळा फोन ठेवता आला तर उत्तम, पण कपाटात पडलेला असा नको ज्याला सुरक्षा अपडेट येणं बंद झालंय.

४. पाठवताना

समोरच्याच्या वॉलेटचा पत्ता (अक्षर-अंकांची लांब ओळ) कॉपी केला, पेस्ट केला, पैसे पाठवले. या दोन सेकंदांत ‘क्लिपर’ मालवेअर क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलून चोराचा ठेवतं.

दुसरी चाल मालवेअरशिवायची. तुम्ही नेहमी ज्या पत्त्यावर पाठवता, त्याच्यासारखाच दिसणारा पत्ता चोर तयार करतो. समजा खरा पत्ता ‘७ए३एफ’ने सुरू होऊन ‘९सी२१’ने संपतो, चोराचाही तसाच, मधली अक्षरं तेवढी वेगळी. त्या पत्त्यावरून तो तुम्हाला शून्य रुपयांचा किंवा क्षुल्लक व्यवहार पाठवतो. पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून पत्ता कॉपी करता, टोकं जुळवता आणि पाठवून मोकळे होता. मे २०२४ मध्ये एकाने असेच सुमारे ६.८ कोटी डॉलर पाठवले. त्याचं नशीब की वाटाघाटीनंतर बहुतेक परत मिळाले.

म्हणून पत्ता इतिहासातून उचलू नका. वॉलेटच्या ॲड्रेस बुकमध्ये एकदा तपासून जतन करा. जुळवताना मधली पाच-सहा अक्षरंही बघा, तीही हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या स्क्रीनवर. आधी छोटी रक्कम पाठवा, समोरच्याला फोन करून मिळाली का विचारा, मग मोठी. फी दोनदा जाते, जाऊ दे.

५. सही करताना

इथे जाणकारही फसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. सही करणाऱ्यांना स्क्रीनवर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही दुसऱ्याच गोष्टीवर होत होती. एफबीआयने ही चोरी उत्तर कोरियाची असल्याचं जाहीर केलं.

आपल्या पातळीवर धोका असतो ‘अप्रूव्ह’चा. साइटला वॉलेट जोडलं की ती टोकन वापरायची परवानगी मागते, आणि पुष्कळदा ती अमर्याद असते. पैसे तेव्हा जात नाहीत, म्हणून संशय येत नाही, महिन्याभराने जातात. रक्कम बदलता येत असेल तर लागेल तेवढीच घाला. हार्डवेअर वॉलेटमध्ये ‘ब्लाइंड सायनिंग’ (तपशील न दाखवता सही घेणं) बंद ठेवा. जुन्या परवानग्या इथरस्कॅन किंवा रिव्होक डॉट कॅश या साइटवर बघून रद्द करा. साइटवरून ‘डिस्कनेक्ट’ केल्याने परवानगी रद्द होत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

६. एक्स्चेंजवर थोडे ठेवायचेच असतील

एसएमएसच्या ओटीपीवर विसंबू नका, ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) लावा. ठरावीक पत्त्यांवरच पैसे काढता येतील अशी सोय असेल तर ती चालू करा. एक्स्चेंजचा ईमेल वेगळा ठेवा.

७. गेलेच तर

पासवर्ड बदलत बसू नका, शब्द तेच असतील तर उपयोग नाही. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावर नवीन शब्दांचं नवीन वॉलेट बनवा आणि जे उरलंय ते तिथे हलवा. मग लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सोबत व्यवहाराचा हॅश (वॉलेटच्या इतिहासात दिसणारा व्यवहार क्रमांक), चोराचा पत्ता, वेळ आणि स्क्रीनशॉट द्या. चोरीचा माल एखाद्या एक्स्चेंजवर पोचला असेल तर त्यांनाही तक्रार क्रमांकासह कळवा. तिथे खातं गोठवता येतं. यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं नाणं) असेल तर ते काढणारी टेदर कंपनीही पत्ता गोठवू शकते, पण सहसा पोलिसांकडून विनंती गेली तरच. त्यामुळे तक्रारीत टोकनचं नाव आणि नेटवर्क नीट लिहा.

यानंतर काही दिवसांत टेलिग्रामवर किंवा इन्स्टावर कुणीतरी ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ म्हणून गाठेल, आधी थोडी फी मागेल किंवा तपासणीसाठी नवीन वॉलेटचे शब्द. त्याचा नंबरही त्याच तक्रारीत जोडा.