सिंगापूरला आलात? आधी रोजचं जेवण शोधा

इथे नव्याने आलेल्या आपल्या मंडळींत दोन पंथ दिसतात. एक पंथ हॉकर सेंटरच्या, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या, वासानेच लांब पळतो आणि लिटल इंडियात बटर नान नि पनीरवर दिवस काढतो. दुसरा 'हे खाल्लंच पाहिजे' छाप यादी मोबाईलवर घेऊन रोज एक पदार्थ उरकतो. वजन दोघांचंही वाढतं.

माझं सांगणं एवढंच: प्रसिद्ध काय आहे ते शनिवार-रविवारी बघा. मंगळवारी दुपारी शेजारच्या टेबलावरचे ऑफिसवाले काय खातात, ते आधी बघा. 'चार क्वे तिआव' (तेलात परतलेल्या चपट्या नूडल्स) रोज खाणारा इथला माणूस मला तरी भेटलेला नाही. आपण तरी रोज पुरणपोळी कुठे खातो?

रोजचं जेवण म्हणजे 'त्साय फान'. काचेमागे भाज्या, टोफू, अंडी, मासे, पोर्क-चिकनचे ट्रे ओळीने मांडलेले असतात. नावं माहीत नसली तरी चालतं, बोट दाखवायचं. दोन पालेभाज्या, एक टोफू किंवा वाफवलेलं अंडं, आणि भात वाढण्याआधीच 'लेस राइस' म्हणायचं. मग मावशी कुठल्यातरी तपकिरी रश्शाची पळी उचलतात. नेमक्या त्याच क्षणी 'नो ग्रेव्ही' म्हणा, कारण मीठ आणि तेल सगळं तिथेच असतं. पोर्क खात नसाल तर मात्र विचारून घ्या. टोफूवर आणि भाजीतही खिमा असतो. नाहीतर सरळ हलाल पाटीचा स्टॉल गाठा.

दुसरा भरवशाचा पदार्थ फिश सूप. तळलेला नको, 'स्लाइस्ड' मासा मागा आणि दूध घालू नका म्हणून सांगा. यॉंग टाऊ फूमध्ये (सारण भरलेला टोफू नि भाज्या) तर वाडगा हातात घेऊन जिन्नस आपणच निवडायचे, तेव्हा तळलेले तुकडे टाळणं आपल्याच हातात. हैनानी चिकन राइस दिसायला साधा, पण भात कोंबडीच्या चरबीत परतलेला असतो. साधा भात मिळतो, मागून बघा.

शाकाहारी असाल तर लेइ चा शोधा: भातावर बारीक चिरलेल्या पालेभाज्या, शेंगदाणे, टोफू, आणि वर ओतायला हिरवं कढण. चव पहिल्यांदा कडवट लागते, नंतर आवडायला लागते. फक्त सुकी मासळी घालू नका म्हणून बजावा. बौद्ध शाकाहारी स्टॉलवर बहुधा कांदा-लसूणही नसतो. पण तिथलं खोटं मटण बरेचदा तळलेलंच असतं, त्यापेक्षा भाज्या घ्या. सांबाल या मिरचीच्या चटणीत बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असतो. कोकणातल्या माणसाला त्या वासाने जवळा आठवेल, पण शाकाहाऱ्याने कांगकोंगची भाजी मागवताना सांबाल नको म्हणावं.

खरा घात पेयांत आहे. साधी 'कोपी' (कॉफी) म्हटलं की कपाच्या तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर येतो. 'सिऊ दाई' म्हणजे गोड कमी. 'कोपी ओ कोसोंग' म्हणजे दूध नाही, साखर नाही. आपल्या चहाच्या माणसाने 'तेह सी कोसोंग' घ्यावा: बिनसाखरेचं आटवलेलं दूध असतं, चहा कडक असतो. हे एवढं पाठ केलंत तर अर्धं काम झालं. बाटलीबंद पेयांवर 2022च्या अखेरीपासून ए ते डी अशी न्यूट्री-ग्रेड श्रेणी छापतात. डी म्हणजे 100 मिलीलीटरमध्ये 10 ग्रॅमपेक्षा जास्त साखर, किंवा संपृक्त चरबी बरीच जास्त. उसाचा रस मात्र मी पितो, तिथे नियम वगैरे बाजूला.

घरी शिजवणार असाल तर सकाळी टेक्का मार्केटला जा. मेथी, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता सगळं मिळतं. 'केंबुंग' मागितलात की बांगडा हातात येतो, 'बातांग' म्हणजे सुरमईच. आठवड्यातली चार रात्रीची जेवणं घरची झाली, की रविवारी लाक्सा बिनधास्त खा, फक्त नारळाच्या दुधाचा रस्सा तळापर्यंत पिऊ नका.

आणि हो, टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा अडवलेली आहे, बसू नका. जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवा. 2021पासून ते सक्तीचं आहे, वारंवार विसरलात तर दंड होतो.