लष्करी रेसिडेन्सीचा अर्ज: या चुका टाळा

अमेरिकेत एचपीएसपी या लष्करी शिष्यवृत्तीवर (लष्कर शिक्षणाचा खर्च देतं, बदल्यात सेवा करावी लागते) डॉक्टर होणाऱ्यांना रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणासाठी, दोन अर्ज सांभाळावे लागतात: एक लष्करी, एक नागरी. लष्कराची संयुक्त निवड समिती नोव्हेंबरात बसते आणि निकाल डिसेंबरच्या मध्यावर येतो. नागरी मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं जुळवण्याच्या प्रक्रियेचा, निकाल मार्चमध्ये लागतो. गोंधळ होतो तो या मधल्या काळात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘आपल्याला लष्करातच जायचंय’ म्हणून ईरासचा (नागरी रेसिडेन्सीचा ऑनलाइन) अर्ज न भरणं. समिती लष्करी जागा देईलच असं नाही. ती डिफरमेंट (लष्करी सेवा पुढे ढकलण्याची परवानगी) देऊन नागरी हॉस्पिटलात शिकायलाही पाठवते. मग होतं असं: डिसेंबरात डिफरमेंटचं पत्र येतं, घरी पेढे वाटले जातात आणि नंतर लक्षात येतं की नागरी प्रोग्रॅम सप्टेंबरअखेरपासूनच अर्ज वाचत होते. मुलाखतींच्या बहुतेक जागा एव्हाना भरलेल्या असतात. फी वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर अख्खं वर्ष खाऊ शकते. लष्करी अर्ज नाहीच असं समजून सप्टेंबरात ईरास पूर्ण करा. लष्करी जागा मिळाली, की एनआरएमपीतून (नागरी मॅच चालवणाऱ्या संस्थेकडून) नाव लगेच काढा.

दुसरी चूक एडीटीची, म्हणजे शिकत असतानाच्या लष्करी ड्यूटीची. वर्षाला ४५ दिवस पूर्ण पगाराची ही ड्यूटी मिळते, पण हे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं मोजतात. मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात घरबसल्या पगार मिळतो म्हणून अनेक जण ती आपल्याच कॉलेजात उरकतात. ऑगस्टमध्ये सॅन अँटोनिओ किंवा होनोलुलूच्या लष्करी हॉस्पिटलात रोटेशन (काही आठवडे वॉर्डात काम) हवं असतं, तेव्हा एडीटीचे दिवस संपलेले असतात आणि विमानाचं तिकीट आणि राहणं स्वतःच्या खिशातून करावं लागतं. ज्यांच्या हाती निवड आहे, त्यांनी तुम्हाला वॉर्डात काम करताना पाहिलेलं असणं फार मोलाचं. म्हणून त्या वर्षाची एडीटी उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. नव्या वर्षाची ऑक्टोबरात घेतली, तर समितीआधी दोन हॉस्पिटलं होतात. ऑर्डर्स (ड्यूटीचे लेखी आदेश) मात्र आधीच मागा. आयत्या वेळी धावपळ करणाऱ्यांची कीव करून कोणी कागद पुढे सरकवत नाही.

स्टेप टूचा (डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याचा) निकाल समितीपर्यंत पोहोचेल अशा बेताने परीक्षा द्या.

पसंतीक्रम लावण्याआधी त्या स्पेशालिटीला यंदा किती जागा आहेत ते बघा.

नौदलात इंटर्नशिपनंतर रेसिडेन्सी पूर्ण होण्याआधीच जनरल मेडिकल ऑफिसर (स्पेशालिटीविना काम करणारा लष्करी डॉक्टर) म्हणून जावं लागू शकतं, हे घरच्यांनाही आधीच सांगा.

रेसिडेन्सीची वर्षं बाँडमधून, म्हणजे शिष्यवृत्तीच्या बदल्यात द्यायच्या सेवेतून, वजा होत नाहीत. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीची सेवेची चार वर्षं त्यानंतर सुरू होतात.